धाग्याचा आरंभ आणि त्याची निरवानिरव



बोरगावकरांना धाग्याचे महत्त्व सांगावयास नको. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, कापसाच्या आणि संत्र्यांच्या मुलखातले हे गाव. येथील औद्योगिक क्षेत्रात १९९१ मध्ये रेमंडचा कापड कारखाना उभा राहिला आणि शेतीच्या जोडीला यंत्रांचा आवाज या परिसराच्या ओळखीचा झाला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर तालुक्यासह बोरगाव त्यात आले. नव्या जिल्ह्यातील तरुणांपुढे आता माग चालविण्याबरोबरच, मागावर देखरेख करणाऱ्या संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याचेही काम येत आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय त्या आज्ञावलीतील धागा हा आहे.

आधुनिक मागावर उभ्या धाग्यांची संख्या हजारोंच्या घरात असते. त्यांतील प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी अडकविलेली असते. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर राहते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. कामगार येतो, तुटलेली टोके जोडतो आणि माग पुन्हा सुरू करतो. एकही धागा कोणाच्या नकळत संपू नये, अशी ही व्यवस्था आहे.

संगणकातील धाग्याला अशी पट्टी नसते. तो संपला तरी कोणास कळत नाही. संपावयास हवा असून चालू राहिला तरीही कळत नाही. ती पट्टी आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतः बसवावी लागते. ती कशी बसवावयाची, याचाच येथे विचार करावयाचा आहे.

धागा म्हणजे काय?

संगणकावर चालणाऱ्या एखाद्या आज्ञावलीत एका वेळी कामाचा एकच ओघ असेल, तर तिला एकामागून एक अशीच कामे उरकावी लागतात. परंतु मागांवरून येणारे संदेश ऐकणे, त्यांची नोंद फाइलीत करणे आणि पडद्यावर आकडे दाखविणे ही तीन कामे एकमेकांसाठी खोळंबून चालत नाहीत. म्हणून एकाच आज्ञावलीत कामाचे अनेक ओघ एकाच वेळी चालविण्याची सोय करण्यात आली. अशा प्रत्येक ओघास थ्रेड, म्हणजेच धागा, असे म्हणतात.

एका घरात राहणाऱ्या भावांचे स्वयंपाकघर, अंगण आणि विहीर सामाईक असते. ज्याची त्याची वळकटी मात्र वेगळी असते. तद्वत एका आज्ञावलीतील सर्व धाग्यांची मेमरी आणि उघडलेल्या फाइली सामाईक असतात. प्रत्येकाचा स्टॅक मात्र स्वतंत्र असतो. सामाईक वस्तू दोघांनी एकदम हाताळू नये म्हणून म्यूटेक्स नावाचे कुलूप वापरतात. ज्याच्या हाती कुलूप, त्याचीच पाळी, बाकीच्यांनी थांबावयाचे.

सी ही भाषा बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत घडविली. त्या वेळी तिच्यात धाग्यांची सोय नव्हती. युनिक्स धर्तीच्या संगणकांसाठी धाग्यांचे ‘पॉझिक्स’ मानक १९९५ मध्ये ठरले आणि खुद्द सी भाषेच्या मानकात धाग्यांना २०११ मध्ये स्थान मिळाले. सी भाषा प्रोग्रॅमरला पूर्ण मोकळीक देते. मागितलेली मेमरी ती देते. परंतु ती परत केली की नाही, हे विचारीत नाही. धाग्यांच्या बाबतीतही तिचे धोरण हेच आहे.

सुरुवात सोपी, शेवट अवघड

‘पीथ्रेड_क्रिएट’ या एका ओळीने धागा सुरू होतो. नवशिक्याचा उत्साह बहुधा येथेच थांबतो. वस्तुतः ती ओळ लिहिण्यापूर्वीच एका प्रश्नाचे उत्तर ठरलेले असले पाहिजे: या धाग्याच्या अखेरची जबाबदारी कोणाची?

संत्र्याच्या तोडणीला माणसे लावणारा बागाईतदार संध्याकाळी काय करतो, ते पाहावे. तो प्रत्येकाची वाट पाहतो, टोपल्या मोजून घेतो, मजुरी चुकती करतो आणि मगच माणूस मोकळा होतो. मजुराचे काम दुपारीच संपले असले, तरी हिशेब होईपर्यंत वहीतले त्याचे नाव कटत नाही. ‘पीथ्रेड_जॉइन’ हे नेमके हेच काम होय. धागा संपेपर्यंत ते थांबते, त्याने परत केलेले मूल्य हाती घेते आणि त्याने अडविलेली जागा मोकळी करते.

दुसरा मार्ग म्हणजे ‘पीथ्रेड_डिटॅच’. येथे आरंभीच सांगितले जाते की, या धाग्याची वाट कोणी पाहणार नाही. काम संपताच त्याची जागा परस्पर मोकळी व्हावी. प्रत्येक धाग्यासाठी या दोहोंपैकी एक मार्ग निवडलाच पाहिजे, आणि तो एकदाच निवडावयाचा असतो. मोकळ्या सोडलेल्या धाग्याची वाट पाहणे, किंवा एकाच धाग्यावर दोनदा ‘जॉइन’ करणे, या दोन्ही चुका आहेत. त्यांचा परिणाम काय होईल याची हमी मानक देत नाही.

दोन्हींपैकी काहीच केले नाही तर काय होते? धाग्याचे काम संपते, परंतु त्याचा स्टॅक आणि त्याची नोंद तशीच पडून राहते. अशा धाग्याला ‘झोंबी’ असे नाव पडले आहे. एक-दोन झोंबींनी काही बिघडत नाही, आणि खरा धोका नेमका हाच आहे. साधा भागाकार करून पाहावा. ३२ बिटांच्या लिनक्स यंत्रावर एका आज्ञावलीस सामान्यतः ३ गिगाबाइट, म्हणजे ३०७२ मेगाबाइट, इतकी पत्त्यांची जागा मिळते. प्रत्येक धाग्याच्या स्टॅकसाठी साधारणपणे ८ मेगाबाइट राखून ठेवले जातात. ३०७२ ला ८ ने भागले की ३८४ येतात. आज्ञावलीची स्वतःची जागा वजा जाता ही संख्या आणखी थोडी घटते.

आता समजा, एखाद्या कारखान्यात मागांच्या थांबण्याची नोंद करणारी अशी आज्ञावली आहे. ती प्रत्येक संदेशासाठी एक नवा धागा सुरू करते आणि ‘जॉइन’ करावयास विसरते. दर मिनिटाला एक संदेश येत असेल, तर ३८४ मिनिटांत, म्हणजे ६ तास २४ मिनिटांत, जागा संपते. रात्री दहा वाजता सुरू केलेली आज्ञावली पहाटे साडेचारच्या आत नवा धागा देणे बंद करील. दिवसा दहा संदेशांवर तपासणी करणाऱ्यास सर्व काही ठाकठीक दिसले असेल. ‘पीथ्रेड_क्रिएट’ने अपयश कळविले तरी त्याचे उत्तर वाचणारी ओळ लिहिलेली नसेल, तर पडद्यावरही काही दिसणार नाही. त्यानंतर माग थांबले तरी नोंद होणार नाही. कागदोपत्री माग चालूच राहतील. त्या नोंदींवरून पाळीच्या कामाचा हिशेब होत असेल, तर कापड कमी का निघाले, असा प्रश्न रात्रपाळीच्या कामगारालाच विचारला जाईल. चूक आज्ञावलीची आणि बोल मात्र कामगाराला, असा हा प्रसंग होय. एका विसरलेल्या ओळीची किंमत एवढी मोठी असू शकते.

६४ बिटांच्या यंत्रांवर पत्त्यांची जागा कितीतरी अधिक असते. त्यामुळे ही वेळ लांबते, टळत मात्र नाही. आज रात्री जे व्हावयाचे ते काही आठवड्यांनंतर होते आणि मग कारण शोधणे अधिकच कठीण जाते.

उसनी वस्तू आणि तिची मालकी

मोकळा सोडलेला धागा सोयीचा वाटतो. तथापि त्याच्याही काही अटी असतात. एखादे फंक्शन आपल्या स्टॅकवरील व्हेरिएबलचा पत्ता धाग्याच्या हाती देते आणि स्वतः संपून जाते. धागा त्या पत्त्यावर जातो, तेव्हा तेथे दुसऱ्याच कोणाचा मुक्काम असतो. घर सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर पत्र धाडण्यासारखाच हा प्रकार. पत्र पोहोचते, पण भलत्याच्या हाती. उलट दिशेनेही हीच चूक घडते: धागा स्वतःच्या स्टॅकवरील व्हेरिएबलचा पत्ता उत्तर म्हणून परत करतो आणि त्याच्या अखेरीबरोबर ती जागाही जाते. धागे एकामागून एक सुरू करणाऱ्या फेऱ्यात सर्वांना एकाच फेरी-क्रमांकाचा पत्ता देणे, ही याच जातीची तिसरी चूक होय. पहिला धागा क्रमांक वाचावयास जातो, तोवर फेरा पुढे सरकलेला असतो.

यावरचा उपाय असा की, वस्तू देताना तिची मालकीही स्पष्टपणे द्यावी. ‘मॅलॉक’ने स्वतंत्र जागा घ्यावी, तीत माहिती भरावी, ती धाग्याच्या स्वाधीन करावी आणि काम संपल्यावर ‘फ्री’ने ती परत करण्याची जबाबदारी धाग्यावर सोपवावी. मात्र धागा सुरूच झाला नाही, तर मालकी देणाऱ्याकडेच राहिली, हे ध्यानात ठेवून ती जागा त्यानेच परत केली पाहिजे. हा बारकावा पुष्कळदा निसटतो.

आणखी एक गोष्ट. ‘मेन’ हे मुख्य फंक्शन परतले की संपूर्ण आज्ञावली संपते. चालू असलेले सारे धागे जागच्या जागी तुटतात. निम्मी लिहिलेली फाइल निम्मीच राहते. मुख्य घराला कुलूप लावण्यापूर्वी आत कोणी आहे काय, हे पाहण्याची जी पद्धत आहे, ती येथेही पाळावी लागते.

थांबवावे कसे?

धागा सुरू करणे जसे आवश्यक, तसे वेळेवर थांबविणेही आवश्यक. येथे पहिला विचार सुचतो तो धाग्यास बाहेरून तडकाफडकी संपविण्याचा. परंतु त्या क्षणी धाग्याच्या हातात काय होते, हे संपविणाऱ्यास ठाऊक नसते. त्याच्या हाती सामाईक वस्तूचे कुलूप असेल, तर कुलूप लावलेलेच राहील आणि उरलेले धागे त्याच्या दारात कायमचे ताटकळतील. नोंदवहीत रक्कम एका खात्यातून वजा झाली असेल, पण दुसऱ्यात जमा व्हावयाची राहिली असेल. जावा भाषेत धागा असा थांबविण्याची ‘स्टॉप’ ही सोय प्रारंभी होती. धागा संपताना त्याची कुलपे उघडत, पण आतील माहिती अर्धवट स्थितीत सापडे, हे ध्यानी आल्यावर १९९८ मध्ये ती वापरू नये, असे तिच्या कर्त्यांनीच जाहीर केले. सी भाषेच्या २०११ च्या मानकाने अशी सोय दिलीच नाही. अँड्रॉइडच्या सी-ग्रंथालयातही ती नाही.

पॉझिक्स मानकात ‘पीथ्रेड_कॅन्सल’ आहे. पण त्याचे स्वरूप आज्ञेपेक्षा विनंतीचे अधिक आहे. सामान्यतः धागा ती विनंती लगेच अमलात आणीत नाही. वाचणे, लिहिणे, झोपणे, वाट पाहणे अशा ठरावीक टप्प्यांवर पोहोचल्यावरच तो तिचा विचार करतो. म्यूटेक्स लावणे हा मात्र असा टप्पा नव्हे. टप्प्यावर धागा संपू लागला की, आधी सांगून ठेवलेली निरवानिरवीची कामे पार पडतात. ‘पीथ्रेड_क्लीनअप_पुश’ने ती कामे नोंदवावयाची आणि ‘पीथ्रेड_क्लीनअप_पॉप’ने त्यांची नोंद काढावयाची. या दोन ओळी एकाच कंसात, जोडीने लिहाव्या लागतात. त्यांच्या मध्येच ‘रिटर्न’ लिहून बाहेर पडू नये. नोंदविलेली कामे उलट क्रमाने होतात: शेवटी नोंदविलेले प्रथम, प्रथम नोंदविलेले शेवटी.

एखादी अट पूर्ण होण्याची वाट पाहत ‘पीथ्रेड_कंड_वेट’मध्ये थांबलेला धागा रद्द झाला, तर तो आधी कुलूप पुन्हा आपल्या हाती घेतो आणि मगच निरवानिरवीस लागतो. म्हणजेच कुलूप सोडण्याचे काम आधी नोंदविलेले नसेल, तर ते कुलूप कोणीच उघडणार नाही. अनुभवी लोकही या ठिकाणी फसतात.

या सर्व गुंतागुंतीचा विचार करता, शक्य तेथे धाग्याला सांगून थांबविणे हाच राजमार्ग ठरतो. ‘आता थांबावयाचे आहे’ अशी एक खूण सामाईक जागेत ठेवावी. धाग्याने प्रत्येक फेऱ्यात ती पाहावी, हातचे काम पुरे करावे, घेतलेल्या वस्तू परत कराव्या आणि आपल्या पावलांनी बाहेर पडावे. ही खूण कुलपाच्या आड ठेवावी, किंवा २०११ च्या मानकाने दिलेल्या ‘ॲटॉमिक’ प्रकारची असावी. ‘व्होलाटाइल’ हा शब्द लिहिला की काम भागले, हा समज बराच प्रचलित असला तरी चुकीचा आहे.

नुसती खूण ठेवूनही पुरत नाही. झोपलेल्याला ती दिसणार कशी? अटीवर थांबलेल्या धाग्यांना ‘पीथ्रेड_कंड_ब्रॉडकास्ट’ने जागे करावे लागते. बाहेरून येणाऱ्या संदेशाची वाट पाहणारा धागा असेल, तर त्याला संदेशाच्या वाटेबरोबरच एका लहानशा पाइपवरही लक्ष ठेवावयास सांगावे. थांबविण्याच्या वेळी त्या पाइपमध्ये एक बाइट टाकला की तो जागा होतो. दवंडी पिटल्याशिवाय गावाला बातमी कळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आवरण्याचा क्रम

मुक्काम हलविताना बिछाना आधी आणि तंबू शेवटी गुंडाळतात. आज्ञावली आवरतानाही क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम नवे काम घेणे बंद करावे. मग थांबण्याची खूण द्यावी. त्यानंतर झोपलेल्यांना जागे करावे. मग प्रत्येक धाग्यासाठी ‘जॉइन’ करून त्याची अखेर खात्रीने पाहावी. धाग्यांनी मागे ठेवलेल्या नोंदी फाइलीत लिहून फाइल बंद करावी. हे सर्व झाल्यावरच म्यूटेक्स नष्ट करावे आणि सामाईक मेमरी परत द्यावी. ‘जॉइन’ होण्यापूर्वी म्यूटेक्स नष्ट करणे किंवा मेमरी परत देणे म्हणजे माणसे आत असताना घराचे छप्पर उतरविणे होय. आणि ज्या कुलपाची धाग्याला गरज आहे तेच हाती धरून त्याची वाट पाहत बसू नये. तसे केल्यास दोघेही एकमेकांसाठी कायमचे खोळंबतात.

पुण्याच्या ‘परम’ची आठवण

अनेक ओघ एकदम चालविण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले आणि नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. ज्या वर्षी बोरगावात कापडाचा कारखाना उभा राहिला, तेच हे वर्ष. ‘परम’ची रचना इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या प्रक्रियकांवर आधारलेली होती. अनेक लहान प्रक्रियकांनी मिळून एक मोठे काम उचलावयाचे, हे तिचे सूत्र.

या ट्रान्सप्युटरसाठी इन्मॉसने ‘ऑकम’ नावाची भाषा तयार केली होती. तिच्यातील ‘पार’ या रचनेत अनेक कामे एकदम सुरू करता येतात. नियम एवढाच की, त्यांतील शेवटचे काम संपल्याशिवाय ती रचना संपत नाही. सुरुवात आणि शेवट एकाच चौकटीत बांधलेले असतात. मागे कोणी राहून जाण्याची सोयच नसते. सी भाषेत ही चौकट भाषेकडून मिळत नाही. ती लिहिणाऱ्याला शिस्तीने उभारावी लागते. पुढे या विचाराचे महत्त्व इतरांनाही पटले. सी-प्लस-प्लस भाषेच्या २०२० च्या मानकात ‘जेथ्रेड’ आला. त्याचा मालक संपू लागला की, तो धाग्याला थांबण्याची खूण देतो आणि त्याची वाट पाहतो. सी भाषेत जे हाताने करावे लागते, ते तेथे भाषाच करते. तरीही यंत्रांजवळच्या अनेक लहान संगणकांवर आज सीचाच वापर होतो आणि म्हणून ही शिस्त शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

समारोप

सारांश, धागा सुरू करणारी ओळ लिहिताना त्याच वेळी चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. याची वाट कोण पाहणार? याला दिलेल्या वस्तूंची मालकी कोणाकडे? याला थांबावयास कोण आणि कसे सांगणार? आणि हा अर्ध्यावर थांबला, तर त्याच्या हातातले कोण आवरणार? या चारांपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर तो धागा अद्याप सुरू करू नये.

आपल्याकडे घरातील वडीलधारी माणसे गावाला निघण्यापूर्वी निरवानिरव करीत. गुरांचे वैरणपाणी कोणी पाहावयाचे, किल्ली कोणाकडे, कोणाचे देणे राहिले आहे, हे सांगूनच ती उंबरठा ओलांडीत. संगणकाच्या शास्त्राने याहून निराळे काही सांगितलेले नाही. बोरगावातील मागाची पट्टी प्रत्येक धाग्याचा हिशेब ठेवते. येथील तरुणांच्या हातून लिहिल्या जाणाऱ्या आज्ञावलींतही एकही धागा बेवारस राहू नये. रात्रपाळीचा कामगार ज्या नोंदीच्या भरवशावर पहाटे घरी जातो, ती नोंद पहाटेपर्यंत खरी राहिली, तर या विद्येचे चीज झाले असे म्हणता येईल.